यंत्रमानवाची भाजणी

थालीपीठ करायचे तर भाजणी हवी. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने दुकानातून तयार पुडा आणला की काम झाले. पण समजा, भाजणी हा शब्दच जिथे कोणी ऐकलेला नाही अशा गावी आपण राहतो. थालीपीठाची कृती आपल्या वहीत आहे, पण तिच्यात 'भाजणी दोन वाट्या' एवढेच लिहिलेले आहे. मग भाजणीची कृती शोधणे आले. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने हे सगळे जमवायचे, वेगवेगळे भाजायचे आणि दळून आणायचे. त्यात उडीद मिळाले नाहीत, किंवा गिरणीवाला गव्हाशिवाय दुसरे काही दळत नसला, तर आणखी पंचाईत. एका थालीपीठामागे केवढी साखळी उभी असते हे अशा वेळी कळते.

छोट्या, स्वस्त संगणक-बोर्डावर यंत्रमानवाची, म्हणजेच रोबोची, आज्ञावली चढवू पाहणाऱ्याची नेमकी हीच स्थिती होते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून बऱ्याच शाळांत चाके, मोटारी, संवेदक आणि छोटे बोर्ड यांच्याशी मुलांची ओळख होऊ लागली. उत्साही विद्यार्थी इथून पुढे जातो आणि 'खऱ्या' रोबोंसाठी वापरली जाणारी आज्ञावली आपल्या बोर्डावर घालायला बघतो. पडद्यावर उत्तर येते : 'हे पॅकेज सापडत नाही.' बहुतेक जण इथेच थांबतात. आपला बोर्डच कुचकामी, असा समज करून घेतात. हा समज बरोबर नाही. तो का बरोबर नाही, आणि 'सापडत नाही' या उत्तरामागे काय काय दडलेले असते, ते या लेखात पाहू या.

दोन यंत्रभाषा

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्याचा अर्थ बेरीज, कोणत्याचा अर्थ 'मेमरीतून उचल', हे ठरवणाऱ्या संकेतांना त्या प्रोसेसरची यंत्रभाषा म्हणतात. टेबलावरच्या बहुतेक संगणकांची यंत्रभाषा १९७८ सालच्या इंटेल ८०८६ या प्रोसेसरपासून वाढत आलेली आहे. तिला एक्स-८६ म्हणतात. मोबाइल फोन आणि छोटे बोर्ड यांच्यात मात्र बहुधा 'आर्म' जातीचा प्रोसेसर असतो.

आर्मचा जन्म शिक्षकांना जवळचा वाटेल असा आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' हा संगणक काढला. तिथल्या शाळाशाळांतून तो पोचला. त्याच्या पुढच्या संगणकासाठी मनासारखा प्रोसेसर बाजारात मिळेना, म्हणून कंपनीने स्वतःच तो तयार करायचे ठरवले. सोफी विल्सन यांनी आज्ञांचा संच आखला आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याची प्रत्यक्ष रचना केली. आज्ञा थोड्या आणि साध्या ठेवल्यामुळे सुमारे २५,००० ट्रान्झिस्टरांत काम भागले. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली आणि पहिल्याच दिवशी चालली. गंमत म्हणजे, ती किती वीज घेते हे मोजायला गेल्यावर मीटर शून्य दाखवू लागला. शोध घेता असे आढळले की चिपची वीजजोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या भागांतून संकेतांच्या तारांवाटे झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती! बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत आर्मने पुढे जी जागा मिळवली, तिचे कारण या प्रसंगात दिसते.

पुढे २०१२ साली, २९ फेब्रुवारी रोजी, 'रास्पबेरी पाय' हा बोर्ड विक्रीला आला. तोही केंब्रिजमधूनच, आणि तोही मुलांनी संगणक शिकावा म्हणूनच. आकार साधारण एटीएम कार्डाएवढा आणि किंमत ३५ डॉलर.

मूळ आर्मची प्रत्येक आज्ञा ३२ बिटांची, म्हणजे ठरावीक मापाची असते. एक्स-८६ मधील आज्ञा १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. तेव्हा एकासाठी तयार झालेली आज्ञावली दुसऱ्याला वाचताच येत नाही. मात्र ही आज्ञावली ज्यातून तयार झाली, तो माणसाने सी-प्लस-प्लससारख्या भाषेत लिहिलेला मूळ मजकूर दोन्हीकडे एकच असतो. या मजकुराला 'सोर्स' म्हणतात. सोर्स वाचून त्या त्या प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरवणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. आपल्या उपमेत सोर्स ही कृती आणि तयार पॅकेज म्हणजे दुकानातला पुडा. पुडा ठरावीक गावांतच मिळतो, पण कृती कुठेही नेता येते.

रोबोचे सामान

रोबोला एकाच वेळी पुष्कळ कामे करावी लागतात : चाकांचे फेरे मोजणे, कॅमेऱ्यातून पाहणे, अंतर मोजणे, नकाशा बनवणे, वाट ठरवणे. ही कामे वेगवेगळ्या आज्ञावलींनी करावीत आणि त्यांनी एकमेकींना निरोप धाडावेत, अशी सोय 'रॉस' नावाच्या संचात आहे. 'रोबो ऑपरेटिंग सिस्टिम' असे त्याचे लांबलचक नाव असले, तरी ती खऱ्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. ती बहुधा लिनक्सवर बसवतात. कॅलिफोर्नियातील विलो गॅरेज या संस्थेत २००७ पासून तिची वाढ झाली आणि जानेवारी २०१० मध्ये १.० आवृत्ती निघाली. २०१२ साली स्थापन झालेल्या ओपन सोर्स रोबोटिक्स फाउंडेशनकडे पुढे तिची देखभाल आली. तिच्या आवृत्त्यांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने जातात आणि प्रत्येकीचे बोधचिन्ह कासव असते.

रॉस म्हणजे एक अखंड वस्तू नाही. ती शेकडो लहानमोठ्या पॅकेजांची मोट आहे. प्रत्येक पॅकेजसोबत एक चिठ्ठी असते. हे पॅकेज बांधायला काय लागते आणि चालवायला काय लागते, याची यादी त्या चिठ्ठीत असते. या दोन याद्या वेगळ्या असतात हे ध्यानात ठेवावे. भाजणी करताना गिरणी लागते, थालीपीठ खाताना लागत नाही. लोणी मात्र खातानाच लागते.

या यादीतल्या प्रत्येक वस्तूला 'अवलंबन' म्हणू या. आपले पॅकेज तिच्यावर अवलंबून आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पुडा कुणाच्या गावी मिळतो?

रॉसची प्रत्येक आवृत्ती काढताना तिचे कर्ते एक यादी प्रसिद्ध करतात. कोणत्या लिनक्सवर, कोणत्या प्रोसेसरवर ती किती जबाबदारीने चालवून दाखवली जाईल, हे त्या यादीत श्रेणी लावून दिलेले असते. पहिल्या श्रेणीतल्यांसाठी तयार पॅकेजे मिळतात आणि त्यांच्या चाचण्या सतत होतात. तिसऱ्या श्रेणीतल्यांना फक्त सोर्स मिळतो. बांधणी आपली आपण करायची.

मे २०२२ मध्ये निघालेल्या 'हंबल' आवृत्तीचे उदाहरण घ्या. उबुंटू २२.०४ या लिनक्सची ६४ बिटांची आर्म आवृत्ती पहिल्या श्रेणीत होती, ३२ बिटांची तिसऱ्या. आता पाहा. रास्पबेरी पाय ४ हा एकच बोर्ड दोन शाळांकडे आहे. एकीने त्यावर ६४ बिटांचे उबुंटू घातले, दुसरीने बोर्डासोबतची ३२ बिटांची ऑपरेटिंग सिस्टिम तशीच ठेवली. पहिलीला हंबल तयार मिळते, दुसरीला मिळत नाही. बोर्ड तोच, किंमत तीच, प्रोसेसरही तोच. तेव्हा 'सापडत नाही' हे उत्तर बोर्डाच्या लायकीविषयी काही सांगत नाही. या जोडीसाठी पुडा भरायला कोणी बसले नव्हते, इतकेच ते सांगते.

एक खरा दाखला

जुलै २०१४ मध्ये रॉसची 'इंडिगो' आवृत्ती निघाली. ती उबुंटू १४.०४ साठी होती. आर्मसाठीही तिची तयार पॅकेजे निघाली होती. तरीही पहिल्या रास्पबेरी पायवर ती चालत नव्हती. असे का?

आर्म ही एक भाषा असली तरी तिच्या पिढ्या आहेत. उबुंटूने आपली आर्म पॅकेजे सातव्या पिढीसाठी बांधली होती. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा होता. नातवाच्या तोंडचे नवे शब्द आजोबांना कळू नयेत तसे हे झाले. हीच अडचण डेबियन या लिनक्सच्या बाबतीतही आली होती. म्हणून माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी २०१२ साली डेबियनची ३५,००० हून अधिक पॅकेजे सहाव्या पिढीसाठी सोर्सपासून पुन्हा बांधली. तिला 'रास्पबियन' असे नाव मिळाले. लाखो मुलांच्या हातातला बोर्ड ज्याच्या बळावर चालला, ते काम मुळात अशा पुनर्बांधणीचे होते.

रास्पबियनच्या 'व्हीझी' आवृत्तीवर इंडिगो बांधायला बसले की पाच अवलंबने मिळत नसत :

१. कन्सोल-ब्रिज : आज्ञावलीतल्या सूचना व इशारे पडद्यापर्यंत पोचवणारी छोटी लायब्ररी.
२. एलझेड-फोर : माहिती झटपट दाबून लहान करणारी. रोबोच्या नोंदी साठवताना लागते.
३. यूआरडीएफडॉम-हेडर्स : रोबोच्या शरीराचे, म्हणजे हाडे आणि सांधे यांचे, वर्णन कोणत्या साच्यात ठेवायचे ते सांगणारी.
४. यूआरडीएफडॉम : ते वर्णन प्रत्यक्ष वाचणारी.
५. कोलाडा-डॉम : त्रिमितीय आकृत्यांच्या फायली वाचणारी.

यांतली पहिली दोनच संदेशवहनाच्या मूळ गाभ्याला लागतात. उरलेली तीन पडद्यावर रोबोचे चित्र दाखवणाऱ्या मोठ्या संचासाठी आहेत. छोट्या रोबोला पडदाच नसतो. म्हणून कोणतीही बांधणी हाती घेताना पहिला प्रश्न हा विचारावा : यातले आपल्याला खरोखर किती हवे आहे? गाभाच घ्यायचा ठरवला तर पाच अडचणींच्या जागी दोनच उरतात.

आधी कोण, मग कोण?

समजा, पाचही हव्या आहेत. कोणत्या क्रमाने बांधायच्या? यूआरडीएफडॉमला कन्सोल-ब्रिज आणि यूआरडीएफडॉम-हेडर्स ही दोन्ही आधी लागतात. बाकीच्यांना एकमेकींची गरज नाही.

अशा वेळी वापरायची रीत सोपी आहे. जिला यादीतल्या कुणाचीच वाट पाहायची नाही अशी वस्तू उचला, बांधा आणि यादीतून खोडा. खोडल्यामुळे आणखी कुणी मोकळी झाली असेल. पुन्हा तेच करा. आर्थर कान यांनी १९६२ साली मोठ्या कामांच्या आराखड्यांसाठी ही रीत नीट मांडली. पाच वस्तूंचे एकूण १२० क्रम होतात. त्यांतले किती चालतील? पहिली, तिसरी आणि चौथी या तिघींत चौथी शेवटी यायला हवी. तिघींपैकी कोणतीही शेवटी येण्याची शक्यता सारखीच, म्हणून एकतृतीयांश, म्हणजे ४० क्रम चालतील. दहावीच्या मुलांना हे गणित घालून पाहावे.

यादी कधीच संपत नाही असेही घडू शकते. अ ला ब हवा आणि ब ला अ हवा, असे असेल तर कुणीच मोकळे नसते. याला चक्र म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध चक्र खुद्द कंपायलरचे आहे. जीसीसी हा कंपायलर आज सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे तो बांधायला आधी सी-प्लस-प्लसचा कंपायलर हवा! यावर घरोघरी ठाऊक असलेला उपाय आहे. दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे दहीच. आपल्या घरी नसेल तर शेजारून आणतो. नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी पहिला कंपायलर असाच दुसऱ्या संगणकावर बांधून आणतात. एका जातीच्या संगणकावर बसून दुसऱ्या जातीसाठी बांधणी करण्याच्या या पद्धतीचा उपयोग पुढेही होणार आहे.

'नाही' चे प्रकार

'सापडत नाही' असे संगणक चार वेगवेगळ्या टप्प्यांवर म्हणतो. तो कोणत्या टप्प्यावर म्हणाला हे ओळखले की निम्मे काम झाले.

पहिला टप्पा जमवाजमवीचा. रॉसकडे एक शब्दकोश असतो. चिठ्ठीत लिहिलेल्या नावाची वस्तू कोणत्या लिनक्समध्ये कोणत्या नावाने मिळते ते त्यात दिलेले असते. आपण 'हरभऱ्याची डाळ' मागतो आणि दुकानदार 'चणा डाळ' म्हणतो, तसलाच प्रकार. कोशात आपल्या लिनक्सची नोंदच नसली तरी संगणक 'नाही' म्हणतो. वस्तू दुकानात असते, फक्त तिचे नाव वेगळे असते. म्हणून आधी दुकानात नीट शोधावे. कधी वस्तू असते पण जुन्या आवृत्तीची असते. अगदीच नसेल तरच तिचा सोर्स आणायचा.

दुसरा टप्पा भाषांतराचा. इथे कंपायलर 'अमुक हेडर फाइल नाही' म्हणून थांबतो. लायब्ररीत कोणती कामे होतात याची अनुक्रमणिका म्हणजे हेडर. डेबियन आणि उबुंटूमध्ये चालवण्याची लायब्ररी आणि तिची हेडरे वेगळ्या पॅकेजांत ठेवतात. हेडरांच्या पॅकेजच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लावलेले असते. लायब्ररी आहे पण 'डेव्ह' नाही, हे नवशिक्याला सर्वांत जास्त वेळा भेटणारे कारण. कधी मात्र हेडर खरोखरच मिळण्यासारखे नसते. एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इंटेलच्या खास आज्ञांची हेडरे आर्मवर नसणारच. आर्मच्या तशा आज्ञांचे नाव 'निऑन' आहे. अशा ठिकाणी सोर्समधला तो भाग बदलावा लागतो किंवा साध्या गणिताचा पर्याय निवडावा लागतो.

तिसरा टप्पा जोडणीचा. सगळे तुकडे तयार झालेले असतात, पण त्यांना सांधताना 'अमुक काम कोण करते ते ठाऊक नाही' असा निरोप येतो. रास्पबियनवर याचे ठरलेले उदाहरण आहे. ६४ बिटांचा आकडा मध्ये खंड न पडता एका दमात वाचायचा असेल, तर सहाव्या पिढीसाठी बांधताना कंपायलर ते काम स्वतः न करता 'लिबॲटॉमिक' या लायब्ररीवर सोपवतो. तिचे नाव जोडणीच्या यादीत घातले नसेल तर बांधणी शेवटच्या पायरीवर अडते. टेबलावरच्या संगणकात हे काम प्रोसेसरच करत असल्यामुळे मूळ लेखकाला या लायब्ररीची गरज कधी दिसलेलीच नसते.

चौथा टप्पा चालवण्याचा. बांधणी पूर्ण झाली, तरी सुरू करताना लायब्ररी जागेवर नसली तर आज्ञावली उठतच नाही.

निरोप शंभर ओळींचा असला तरी घाबरू नये. बहुधा पहिली चूक तेवढी खरी असते, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या असतात. म्हणून शेवटची ओळ वाचून न थांबता वर सरकत पहिल्या चुकीपर्यंत जावे.

मेमरीची ओढाताण

कधी कंपायलर काहीच तक्रार करत नाही आणि मध्येच मरतो. पडद्यावर 'किल्ड' एवढेच उमटते. यामागे साधे गणित असते. रास्पबेरी पाय ३ मध्ये चार गाभे आहेत आणि मेमरी १ जीबी, म्हणजे १०२४ एमबी आहे. चारही गाभ्यांना काम मिळावे म्हणून आपण एकदम चार फायली भाषांतराला लावतो. सी-प्लस-प्लसच्या अवजड फायलीला कित्येक शे एमबी मेमरी लागू शकते. समजा, एकीला ४०० लागली. चौघींना १६०० हवी, आहे १०२४. मेमरी संपत आली की लिनक्स सर्वांत अधाशी प्रक्रिया बंद पाडते, आणि ती नेमका कंपायलर असते.

उपाय तीन. पहिला, एका वेळी एकच फाइल घ्यायची. वेळ जास्त लागतो, पण काम तडीस जाते. चार शेगड्या असल्या तरी परात एकच असेल तर एकामागून एकच पीठ मळावे लागते. दुसरा, मेमरी कार्डाचा काही भाग तात्पुरती मेमरी म्हणून वापरायचा. पण कार्ड फार सावकाश चालते आणि सतत लिहिल्याने झिजते, तेव्हा हा उपाय बांधणीपुरताच ठेवावा. तिसरा उपाय विरजणाचा : मोठ्या संगणकावर आर्मसाठी बांधणी करून तयार माल बोर्डावर आणायचा.

न बोलणारी चूक

आतापर्यंतच्या अडचणी निदान ओरडून सांगत होत्या. सर्वांत धोक्याची चूक ती, जी काहीच बोलत नाही.

सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत 'कॅर' नावाचा एक बाइटचा प्रकार आहे. एका बाइटात ८ बिट, म्हणजे २५६ वेगवेगळ्या किमती मावतात. त्या ० ते २५५ अशा धरायच्या की −१२८ ते १२७ अशा, हे भाषेच्या नियमांनी कंपायलरवर सोडलेले आहे. एक्स-८६ वर ऋण किमती धरतात. आर्मच्या लिनक्सवर ० ते २५५ धरतात. याचे कारण जुने आहे. सुरुवातीच्या आर्ममध्ये ऋण चिन्ह सांभाळून एक बाइट उचलणारी आज्ञा नव्हती. ती चौथ्या पिढीत आली. तोवर प्रथा पडून गेली होती.

आता एक रोबो घ्या. चाकांचा वेग एका बाइटातून येतो. धन म्हणजे पुढे, ऋण म्हणजे मागे. रोबो −५ वेगाने मागे येतो आहे. तारेवरून बिट येतात १११११०११.  लॅपटॉपवर हेच बिट −५ म्हणून वाचले जातात. बोर्डावर ते २५१ होतात, कारण २५६ − ५ = २५१. मागे येणारा रोबो स्वतःला भरधाव पुढे जाणारा समजतो आणि वेग आवरायला आणखी मागे ओढतो. सोर्स तोच, बांधणीत एकही चूक नाही, तरी वागणे उलटे!

उपाय एका शब्दाचा आहे. ऋण किमती हव्या असतील तर प्रकाराच्या नावातच तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे दोन्हीकडे एकच अर्थ होतो. पण हा शब्द घालायचे सुचण्यासाठी चूक दिसायला हवी. म्हणून बांधणी संपली की काम संपले असे आपण धरत नाही. ज्यांची उत्तरे कागदावर आधीच काढून ठेवली आहेत असे आकडे आधी घालून पाहावेत. शून्य, एक धन, एक ऋण आणि दोन्ही टोकांचे आकडे तरी त्यात हवेतच. आणि पहिल्या फेरीच्या वेळी रोबोची चाके जमिनीला न टेकतील असा त्याला विटांवर ठेवावा.

एवढा खटाटोप कशासाठी?

कुणी विचारील, आज हे सारे करायची गरज आहे का? पुष्कळांना नाही. मे २०२४ मध्ये निघालेली रॉसची 'जॅझी' आवृत्ती ६४ बिटांच्या आर्मवर उबुंटू २४.०४ साठी तयार मिळते. ज्याला थालीपीठच खायचे आहे त्याने पुडा आणावा, त्यात कमीपणा नाही. पण डेबियनवर हीच आवृत्ती तिसऱ्या श्रेणीत आहे. शिवाय शाळांच्या कपाटांत जुने, कमी मेमरीचे, ३२ बिटांचे बोर्ड पडून असतात. पुडा मिळत नाही म्हणून ते टाकून द्यायचे का, हा प्रश्न पैशाचा आहे, आणि कचऱ्याचाही.

त्याहून मोठा प्रश्न आणखी एक आहे. पहिल्या श्रेणीत कोणती यंत्रे बसतील ते बहुतेक वेळा वापरणाऱ्यांची संख्या, पैसा आणि चाचण्या घ्यायला बसणारी माणसे यांवर ठरते. आपल्या शाळेसारख्यांची यंत्रे त्या यादीत नेहमी असतीलच असे नाही. अशा वेळी दार पूर्ण बंद होत नाही, याचे कारण सोर्स सर्वांना खुला आहे. मात्र खुला सोर्स वाचणारा आणि बांधणारा कोणी नसेल तर त्या खुलेपणाचा उपयोग शून्य. रास्पबियन दोघांनी बांधायला घेतले, म्हणून बाकीच्यांना ते तयार मिळाले.

यासाठी बांधणी करताना वहीत नोंद ठेवावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. कोणता बोर्ड, कोणती आवृत्ती, काय सापडले नाही, ते कुठून आणले, कोणती ओळ बदलली, किती वेळ लागला. जे बांधले त्याचे रीतसर पॅकेज करून ठेवावे, म्हणजे शेजारच्या शाळेला तेच पुन्हा करावे लागणार नाही. आणि सोर्समध्ये काही दुरुस्ती केली असेल तर ती मूळ लेखकांना कळवावी.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. पोस्टकार्डाएवढे दहा-बारा कागद कापा. मुलांना एखादा परिचित पदार्थ निवडू द्या : पुरणपोळी, आंबोळी, तिळगूळ, काहीही. प्रत्येक कार्डावर एक वस्तू किंवा कृती लिहायची आणि खाली 'याच्या आधी काय हवे' ते लिहायचे. मग वरच्या रीतीने कार्डे ओळीने लावायची. दोन गटांचे क्रम वेगळे येतील. दोन्ही बरोबर आहेत का, ते मुलांनाच तपासू द्या. त्यानंतर गुपचूप एक कार्ड काढून घ्या आणि विचारा, आता कोणकोणती कामे अडली आणि कोणती तरीही चालू राहतील? शेवटी 'दही' हे कार्ड द्या, ज्याच्या खाली 'आधी दही हवे' असे लिहिले आहे, आणि मुले काय करतात ते पाहा.

आमचा अनुभव असा की थोड्या वेळाने कोणीतरी एक जण उठतो आणि शेजारच्या गटाकडे विरजण मागायला जातो.